दप्तरातला धर्म आणि गावातला नागरिक

(कोऱ्हाळे बुद्रुक, तालुका बारामती येथील जाहीर सभेतील भाषण)



आजच्या सभेचा विषय कानाला जड लागतो. धर्माच्या बाबतीत सरकार जे धोरण ठेवते, त्याने माणसाचे नागरिकत्व कसे घडते, हा तो विषय. पण नावाला भिऊ नका. गोष्ट दिल्लीची किंवा विलायतेची नाही. ती आपल्या लग्नमांडवातली, पाणवठ्यावरची आणि पंढरीच्या वाटेवरची आहे.

पुष्कळ शहाणे लोक सांगतात, की धर्म हा देव आणि माणूस यांच्यातला मामला. त्यात सरकारला काय करायचे? बोलणे गोड आहे, परंतु आपल्या देशात ते कधीच खरे नव्हते. कोणी देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत यावे, कोणी कोणत्या विहिरीत पोहरा टाकावा, कोणाच्या लग्नात कोणाला दक्षिणा मिळावी, हे देवाने खाली येऊन सांगितलेले नाही. ते कोणीतरी कागदावर लिहिले, कागदावर शिक्का मारला, आणि शिक्क्यामागे कोर्ट व शिपाई उभा केला. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: सरकारी दप्तर धर्माची नुसती नोंद करीत नाही, ते धर्माला हक्काचे रूप देते. ज्याच्या नावावर हक्क चढला तो धनी होतो. ज्याच्या नावावर भार चढला तो ताबेदार होतो. आणि जेथे सगळे धनी आणि ताबेदारच आहेत, तेथे नागरिक राहात नाही.

प्रथम जोशीवतन घ्या. येथे बसलेल्या तरुण मंडळींनी हा शब्द कदाचित ऐकलाही नसेल. पाटील, कुलकर्णी, महार यांच्याप्रमाणे गावचा जोशी हाही वतनदार असे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा आणि कोर्टात मागता येणारा हक्क. कुणब्या-माळ्याच्या घरी लग्न निघाले, की विधी गावच्या जोशाने सांगावा आणि दक्षिणा त्यानेच घ्यावी. यजमानाने दुसऱ्याकडून लग्न लावून घेतले, तर जोशी दिवाणी कोर्टात जाई आणि कोर्ट त्याला बुडालेल्या दक्षिणेचा हुकूमनामा देई. आता गंमत पाहा. १८५८ साली राणीच्या जाहीरनाम्यात वचन दिले होते, की सरकार रयतेच्या धर्मात हात घालणार नाही. आणि त्याच सरकारचे कोर्ट कुणब्याच्या घरातून दक्षिणा वसूल करून देत होते! हात घालणार नाही याचा अर्थ इतकाच, की ज्याचा हात आधीच आपल्या खिशात होता तो बाहेर काढणार नाही.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीवाचून पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे जुन्नर तालुक्यात ओतूर गावी बाळाजी कुसाजी पाटलांनी ह्याच पद्धतीने घरची लग्ने लावली, तेव्हा गावच्या जोशांनी त्यांच्यावर फिर्याद ठोकली. जोतीराव पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. विचार करा, बाप आपल्या मुलाचे लग्न आपल्या बुद्धीने लावतो, आणि त्याबद्दल त्याला कोर्टाची पायरी चढावी लागते! तो माणूस सरकारला शेतसारा भरणारा होता, गावचा पाटील होता. पण दप्तराच्या दृष्टीने तो जोशाचा यजमान होता, आणि ते नाते त्याच्या इतर सर्व नात्यांहून वरचढ होते.

ह्या गोष्टीला मुंबई कौन्सिलात उत्तर मिळाले ते १९२६ साली. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी आणलेल्या बिलावरून कायदा झाला, की यजमानाने ज्याला बोलावलेच नाही त्या भिक्षुकाला दक्षिणा मागण्याचा हक्क राहणार नाही. आता हा कायदा नीट समजून घ्या, कारण ह्यातच माझ्या भाषणाचे सार आहे. त्या कायद्याने भटजीला बोलावण्याची बंदी केली नाही. ज्याला बोलवावयाचे त्याने बोलवावे, न बोलवावयाचे त्याने न बोलवावे. कायद्याने फक्त सक्ती काढली. कोणाचा देव बदलला नाही, कोणाचा मंत्र बदलला नाही. पण शिपायाचा दंडुका मंत्रामागून निघून गेला. त्या दिवशी यजमान हा नागरिक झाला.

दुसरी गोष्ट पैशाची. पेशवाईत श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण दक्षिणा बुडाली नाही. कंपनी सरकारने ती चालू ठेविली. १८२१ साली त्याच पैशातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, आणि तिची दारे आरंभी एकाच जातीला उघडी होती. पैसा कोठून आला? शेतसाऱ्यातून, म्हणजे नांगर धरणाऱ्याच्या घामातून. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना जोतीरावांनी नेमके हेच बोट ठेविले, की सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा रयत भरते आणि विद्येचा लाभ वरचे वर्ग घेतात. हे ध्यानात धरा. धर्माचे धोरण देवळातच असते असे नाही. ते खजिन्यातही असते. कोणाच्या पैशाने कोणाची पाठशाळा चालते, हे पाहिले म्हणजे राज्यात खरा नागरिक कोण मानला जातो ते कळते.

मग कोणी म्हणेल, आमच्या विचाराचा राजा असता तर? तोही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. कोल्हापुरास शाहू छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाही असे त्यांच्याच पदरच्या पुरोहितांनी सांगितले. महाराजांनी राजोपाध्यांचे इनाम जप्त केले. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९१८ साली महारवतन रद्द केले, पुढल्या वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून मुलांना एका बाकावर आणले. १९२० साली मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरूचे पीठही उभे केले. ह्यांतल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आपण त्या राजाचे ऋणी आहोत. परंतु ऋण मानणारा माणूस डोळे मिटून घेत नाही. शाळा आणि राखीव जागा यांनी माणूस मोकळा झाला. क्षात्रजगद्गुरूने एका पुरोहिताच्या जागी दुसरा पुरोहित बसविला. पहिल्या कामाची मुळे खोल गेली आणि त्यांचा विस्तार साऱ्या देशात झाला. दुसरे काम त्या मानाने खुंटले. ह्यावरून बोध असा, की सरकारने दार उघडावे. दारात नवा द्वारपाळ बसवू नये, मग तो आपल्या जातीचा का असेना.

आता थोडे आपल्या घरात पाहू. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवून टाळ्या मिळविणे सोपे असते. पण हे पत्र वाचणारा वाचक टाळ्यांसाठी वाचीत नाही.

ज्या बोल्यांनी जोशीवतनावर घाव घातला, त्यांनीच ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कौन्सिलात दुसरा ठराव मंजूर करून घेतला होता: सरकारी पैशाने बांधलेली किंवा सांभाळलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळ्याला हात लावण्यास २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तो हात लावला डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी. त्यांवर लाठ्या चालल्या, आणि पुढे तळ्याचे गोमूत्राने शुद्धीकरण झाले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टातून न्याय मिळाला तो १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी. तळ्यातले पाणी गुराढोरांना, मुसलमान-ख्रिस्त्यांना चालत होते. चालत नव्हते ते माणसाला, आणि त्या माणसाचे नाव दप्तरात हिंदू म्हणून होते!

त्या वेळी आपल्या चळवळीतील मंडळी काय करीत होती? केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण अट घातली, की त्यात ब्राह्मणांना घेऊ नये. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. त्यांचे भांडण ब्राह्मण जातीशी नव्हते, ब्राह्मण्याशी होते. आणि ब्राह्मण्य कोणत्याही जातीच्या अंगात शिरू शकते. आणखी एक हिशेब मांडतो. जोशीवतनाची सक्ती १९२६ साली गेली, कारण ती कुणब्या-मराठ्यांच्या पाठीवर होती. महारवतनाचे जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणले, ते पास झाले नाही. ते वतन गेले १ ऑगस्ट १९५९ रोजी, कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याच्या १९५८ च्या कायद्याने. दोहोंमध्ये तेहतीस वर्षे गेली. आपल्या पाठीवरचे ओझे काढताना न्यायाची भाषा आणि दुसऱ्याच्या पाठीवरचे काढताना रूढीची भाषा, असा दुटप्पी व्यवहार ज्या गावांनी केला, त्यांना भटशाहीला नावे ठेवण्याचा अधिकार किती उरतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

उलट, सरकारने धर्म न विचारता एखादी गोष्ट चालविली तर काय होते, हे आपल्या शिवारातच दिसते. नीरा डावा कालवा इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. कालव्याच्या दप्तरात काय लिहिलेले असते? गट नंबर, क्षेत्र, पीक, पाणीपट्टी. सात नंबरचा फॉर्म भरा आणि पाळी घ्या. पाटकऱ्याने पाळी लांबविली तर आपण भांडतो, अर्ज देतो, मोर्चा काढतो. पण पाणी बाटेल अशी भाषा चारीवर कोणी केली नाही. एकाच पाटाचे पाणी सगळ्यांच्या उसाला जाते. जे पाणी गावाच्या विहिरीत जातीजातींचे होते, ते कालव्यात आले की एकजात सगळ्यांचे झाले. म्हणजे माणसाचा स्वभाव अगदीच दगडी नाही; दप्तराचा रकाना बदलला की तोही बदलतो. मात्र एवढ्यावर भुलू नका. कालवा जात विचारीत नाही हे खरे, पण जमीन विचारतो. आणि जमीन कोणाकडे असावी हे जुन्या दप्तराने जातीवरूनच ठरविले होते. ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला कालव्याचा नुसता आवाज येतो. म्हणून सरकारने आज डोळे मिटून सर्वांना सारखे वागविले एवढ्याने काम भागत नाही. काल उघड्या डोळ्यांनी केलेला अन्याय आधी निस्तरावा लागतो.

आता पंढरीच्या वाटेला लागू. सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी नीरेकाठच्या ह्याच वाटेने बारामतीला जाते. तेव्हा आपल्या गावाला पंढरपूर परके नाही. वाटेवर आपण एकमेकांच्या पाया पडतो, जात विसरतो म्हणतो. पण वाट संपून जेथे देऊळ लागते तेथे काय होते? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. त्यांच्या जातीच्या लोकांना १९४७ पर्यंत आत पाऊल टाकता आले नाही. साने गुरुजींनी त्या साली १ मेपासून दहा दिवस प्राण पणाला लावले, तेव्हा दार उघडले. आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व हिंदूंस खुली करण्याचा अधिकार सरकारला दिला.

दार उघडले, पण गाभारा? बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरेचे हक्क तसेच राहिले. देवापुढे पडणाऱ्या पैशावर बडव्यांचा हक्क, आणि तो हक्कही लिलावाने घ्यावयाचा! वारकऱ्याने तांदळाच्या पुरचुंडीतून चार पैसे बाजूला काढून विठोबापुढे ठेवावे, आणि ते लिलाव घेणाऱ्याच्या गल्ल्यात पडावे. सरकारने नाडकर्णी आयोग नेमला, १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, आणि हे हक्क रद्द झाले. पण हक्कदार कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाने त्यांचे म्हणणे अखेर फेटाळले ते जानेवारी २०१४ मध्ये. कायद्यापासून निकालापर्यंत चाळीस वर्षे गेली! वारकऱ्याच्या दोन पिढ्या त्या काळात चालल्या आणि मातीआड झाल्या. निकालानंतर त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले. ज्या देवळाच्या पायरीशी चोखोबा राहिले, त्या देवळाने हे करावे, ही लहान गोष्ट नव्हे.

येथेही सावध राहा. बडवे गेले आणि समिती आली, समिती सरकारची. आषाढीला शासकीय महापूजा मुख्यमंत्री करतात, आणि बारीत उभा असलेला म्हातारा वारकरी आपली वेळ येण्याची वाट पाहात असतो. सरकारने देवळाचा हिशेब चोख ठेवावा, दार सर्वांना उघडे ठेवावे, बारीत पाणी आणि सावली द्यावी. पण सरकारातल्या कोणाला असे वाटू लागले, की देवाजवळचा पहिला मान आपला, तर ते नवे बडवेपण होईल. विठोबाचा कर कोणी वसूल करू नये. जुन्या पगडीनेही नाही आणि नव्या टोपीनेही नाही.

आता दप्तर माणसाच्या अंतःकरणापर्यंत कसे पोहोचते, याची दोन उदाहरणे देतो.

पहिले लग्नाचे. १८७२ साली सरकारने नोंदणी विवाहाचा कायदा केला. पण त्याखाली लग्न करणाऱ्याने आधी लिहून द्यावे लागे, की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, अमुक कोणत्याच धर्माचा नाही! म्हणजे दोन जातींच्या मुलामुलीने एकमेकांना पसंत केले, तर सरकार म्हणे, लग्न लावतो, पण देव सोडा. १९२३ साली हिंदूंपुरती ही अट सैल झाली, आणि ती सर्वस्वी गेली १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने. फ्रान्सात १७९२ सालीच जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद पाद्र्याच्या हातून काढून नगराच्या अधिकाऱ्याकडे दिली होती. तेथील माणसाला नागरिक म्हणून लग्न करता आले. आपल्याला नागरिक म्हणून लग्न करण्यासाठी पुढे दीडशे वर्षांहून अधिक वाट पाहावी लागली. आजही नोटीस लागली म्हणजे तीस दिवस ती कचेरीत झळकते, आणि नात्यागोत्यातले आडवे येणारे तेवढ्यात जागे होतात. भगिनींनो, ह्या तीस दिवसांचा जाच कोणाला अधिक होतो हे तुम्हांला सांगावयास नको.

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात असे लिहिले, की अनुसूचित जातीचा माणूस म्हणजे हिंदूच. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास बाबासाहेबांनी लक्षावधी लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आता पाहा कोंडी. ज्या धर्माने अस्पृश्य म्हटले तो धर्म सोडला, तर सरकार म्हणे, मग तू अस्पृश्य नव्हेस, तुझ्या सवलती बंद. गावातली वस्ती तीच, पाणवठा तोच, शिवाशिव तीच. पण कागदावर दुःख संपले! महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या दारात अनेकांना आपला नवा धर्म झाकून कागदावर जुन्याच धर्माचे नाव ठेवावे लागले. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर हिंदू महार, असे दुहेरी आयुष्य सरकारच्या एका ओळीने लादले. ती ओळ दुरुस्त झाली १९९० साली, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. दलित मुसलमान आणि दलित ख्रिस्ती यांचा प्रश्न त्यानंतरही राहिलाच. तो तपासण्यासाठी २०२२ साली केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. माणसाला आपला देव निवडण्याची मोकळीक द्यावयाची आणि त्या निवडीवर दंड बसवावयाचा, ह्याला मोकळीक म्हणत नाहीत.

हे सर्व ऐकून कोणी चटकन म्हणेल, मग दप्तरातून जात आणि धर्म पुसूनच टाका ना! सर्व समान झाले! हे बोलणे हल्ली फार ऐकू येते, आणि ते बहुधा अशांच्या तोंडून येते, ज्यांचे सगळे आधीच आपल्या नावावर चढलेले आहे. शेताच्या मोजणीत बांध सरकलेला दिसला, तर नकाशा जाळून बांध सरळ होतो काय? नकाशा हवाच. जात लिहिणे हे दोन कामांसाठी होते. एक, तिच्या जोरावर कोणाला मान आणि कोणाला वेठ द्यावयाची म्हणून. दुसरे, कोणाचे किती बुडाले याचा हिशेब करून ते परत करावयाचे म्हणून. पहिली वही बंद झाली पाहिजे; दुसरी वही हिशेब पुरा होईतो उघडी राहिली पाहिजे. १९३१ नंतर सर्व जातींची शिरगणती झाली नाही. ती पुढील जनगणनेत करण्याचे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये ठरविले. ह्या मोजणीकडे कोणी आपल्या जातीचे बळ दाखविण्याची कुस्ती म्हणून पाहू नये. हिशेबाची वही म्हणून पाहावे.

आणि ह्या दुसऱ्या वहीतही गरीब कसा सुटतो ते पाहा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या माणसाने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्याने २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयाने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा आणावा लागतो. ज्याचा आजा पालात जन्मला, ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने पुरावा कोठून आणावा? ज्याला सरकारने कधी लिहूनच घेतले नाही, त्याला सरकार म्हणते, तुझे लिहिलेले दाखव!

मंडळी, आता भाषणाचा शेवट करताना गावासाठी तीन गोष्टी सांगतो. ठराव करणे आपल्या ग्रामसभेच्या हातात आहे. मुंबईची वाट पाहावयास नको.

पहिली: गावात कोणत्याही वस्तीला, वाडीला किंवा रस्त्याला जातीचे नाव असेल, तर ते बदला. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्येच तसा निर्णय केला आहे. पत्त्यावर जात लिहिलेली असली, म्हणजे पोस्टमनपासून पोरीला बघावयास आलेल्या पाहुण्यापर्यंत सगळ्यांना माणसाच्या आधी त्याची जात भेटते. मात्र नवे नाव त्या वस्तीतल्या लोकांनी सुचवावे, बाकीच्यांनी मान डोलवावी. नाव बदलून गटार आणि दिवा तसेच राहिले, तर तो नुसता रंग होईल. तेव्हा दोन्ही कामे एकदम करावी.

दुसरी: ग्रामपंचायतीचा पैसा जेथे लागला ते ठिकाण सर्वांचे, मग ते सभामंडप असो, विहीर असो की स्मशान. मेल्यावरही जातीची कुंपणे असलेली गावे महाराष्ट्रात आहेत. बोल्यांचा १९२३ चा ठराव हाच सांगत होता, आणि तो आजही पुरेसा आहे. कागद आपोआप उभा राहात नाही, हे विसरू नका. देवळात सर्वांना प्रवेश देणारा कायदा १९५६ साली झाला, तरी शनीशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना पाऊल ठेवण्यास एप्रिल २०१६ उजाडावा लागला, आणि तोही बायांनी धक्के खाल्ले व हायकोर्टाने कायद्याची आठवण करून दिली तेव्हा. साठ वर्षे कायदा कपाटात निजला होता. त्याला हलवून उठविणारा जो, तो नागरिक.

तिसरी: ज्यांना दाखल्यासाठी पुरावा मिळत नाही, त्यांच्यासाठी गावातील शिकलेल्या चार मुलामुलींनी महिन्यातून एक दिवस द्यावा. शाळेची जुनी रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, तहसिलातली कागदपत्रे धुंडाळण्यात त्यांना साथ द्यावी. हे काम करणारा पाटलाच्या घरचा असला आणि ज्याचे काम झाले तो पालातला असला, तर त्या दिवशी कोऱ्हाळ्यात सत्यशोधक समाजाची सभा भरली असे मी समजेन, कोणी व्याख्यान दिले नाही तरी चालेल.

सरकारे येतात आणि जातात. कोणी जोशाची दक्षिणा वसूल करते, कोणी देवळाचे दार उघडते, कोणी दार उघडून आपणच दारात बसते. आपण कोणत्याही सरकारला एकच प्रश्न विचारावा: तुझ्या ह्या कागदाने माणूस मोकळा होतो, की कोणाचा तरी यजमान होतो? हा प्रश्न विचारण्यास विद्वत्ता लागत नाही. ज्याला उसाच्या काट्यावर आपले वजन तपासून घेण्याची अक्कल आहे, त्याला तो विचारता येतो. तो विचारण्याची सवय गावाला लागली, म्हणजे आजची सभा कारणी लागली.

 सत्याचा विजय असो.